दिवसा सांगितलेली गोष्ट

आमच्याकडं एक समज आहे. दिवसाढवळ्या गोष्ट सांगू नये. सांगितली तर मामा वाट चुकतो. लहानपणी भर दुपारी मी गोष्टीसाठी आईचा पदर ओढायला लागलो की ती हेच सांगायची, आणि मी मामाच्या काळजीनं गप्प बसायचो. खरं म्हणजे काळजी मामाची नव्हती, त्याच्या पिशवीतल्या रेवड्यांची होती. मामा चुकला की रेवड्याही चुकणार, एवढं शहाणपण तेव्हाही होतं. पुढं मी स्वतःच मामा झालो, पण हा समज आता आपल्यालाही लागू आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तर त्या पौषातल्या दुपारी मी भाचीच्या लग्नाची गोष्ट भर उन्हात पाठवली नसती.

माझं दुकान वडवणीत. झेरॉक्स काढायचं आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं. दिवसभर मी 'पुढे जा' हे बटण दाबतो. एक पान उघडतं, त्यात चार वाटा, एक निवडली की दुसरं पान. शेवटच्या पानावर पोचलो की 'सत्र संपले' अशी पाटी येते आणि पुन्हा पहिल्या पानावर. समोर बसलेला माणूस विचारतो, झालं का? मी म्हणतो, चहा घ्या. अशा जगण्यात माणूस एक तर वेडा होतो, नाहीतर लेखक. मी दोन्हीच्या मधल्या बांधावर होतो.

त्यातच फोनवर एक वर्ग सापडला. बोटानं दाबत वाचायच्या गोष्टी लिहायला शिकवणारा. पडद्यावरचे सर कुठल्या तरी लांबच्या शहरातले होते, मागं कुंडीत हिरवं झाड. ते म्हणाले, या गोष्टीला पहिलं पान नसतं आणि शेवटचंही नसतं. वाचक एखाद्या शब्दावर बोट ठेवतो, तिथून वाट फुटते, आणि तो जाईल तशी गोष्ट होत जाते. वाचक हाच अर्धा लेखक. मला हे एकदम पटलं. अर्धं काम दुसऱ्यावर पडतंय म्हटल्यावर मला काहीही पटतं.

त्यांनी सांगितलेली युक्ती सोपी होती. कॉम्प्युटरवर चौकटी काढायच्या, एकेका चौकटीत गोष्टीचं एकेक पान लिहायचं, आणि एका चौकटीतल्या शब्दापासून दुसऱ्या चौकटीपर्यंत बाण ओढायचा. मी पहिली गोष्ट रचली बीडजवळच्या कपिलधारची. एक मुलगी तिथं धबधब्याला जाते. माकड तिच्या हातातला नारळ पळवतं, एक चप्पल पाण्यात वाहून जाते, आणि ती धारेच्या मागं काय आहे ते बघायला निघते. 'धारेमागं काय होतं?' या ओळीवर बोट ठेवलं की पुढचं पान उघडणार होतं. ते पान मला सुचलं नाही. मी चौकट तेवढी काढून ठेवली, कोरी. सुचेल कधीतरी, कुठं पळून जातंय?

बायको दुकानात डबा घेऊन आली तेव्हा पडद्यावर चौकटी आणि बाणांचं हे एवढं रान माजलेलं.

"हे काय, बीडच्या स्टँडाचा नकाशा?"

"गोष्ट हाय."

"सुरू कुठून होती?"

"कुठूनबी."

"आन् संपती कुठं?"

"संपत न्हाई."

तिनं डब्याचं झाकण काढून ठेवलं. "तुमचं हाती घेतलेलं दुसरं काय संपल्यालं मी बघितलंय म्हना," ती म्हणाली आणि गेली.

आता भाचीकडं येतो. माझी थोरली बहीण, तिला मी अक्का म्हणतो, आणि तिचे मालक, म्हणजे माझे दाजी, दरसाल दिवाळी सरली की ऊसतोडीला जातात. भाची पाचवीपासून आमच्याच घरी शिकली. बारावी झाली, आता दुकानात माझ्या शेजारी बसून फॉर्म भरते. माझ्याहून चुका कमी करते, म्हणून गिऱ्हाईक तिच्यापुढं रांग लावतं आणि मला चहा आणायला पाठवतं. तिला नर्सिंगला जायचं होतं. त्याच्या परीक्षेसाठी बीडला क्लास लावायचा होता, संक्रांतीनंतर सुरू होणारा. आणि नेमकं तेव्हाच दाजींनी एक स्थळ बघितलं. पुढच्या रविवारी पाहुणे बघायला येणार. मुलगा ट्रॅक्टर चालवायचा, निर्व्यसनी, घरचा बरा. मुलगा चांगला होता हीच पंचाईत. वाईट असता तर नाक मुरडायला तरी जागा होती. पाहुणे एकदा चहा पिऊन गेले की नाही म्हणणं अवघड, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"मामा," ती म्हणाली, "तुमी आप्पांना फोन लावा. जास्तीचं काय बोलू नका. रविवारचं पुढं ढकला, पोरीला एक वरीस बीडला शिकू द्या, एवढंच."

"लावतो की."

लावतो म्हणालो खरा. पण दाजींशी बोलणं म्हणजे आडात दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं. उंचेपुरे, शांत. समोरचा बोलत असताना दाजी 'हूं' सुद्धा म्हणत नाहीत. नुसते बघतात. मग आपलंच बोलणं आपल्याला ऐकू यायला लागतं, आणि माझं बोलणं तर मला कधीच आवडलेलं नाही. दोन वाक्यांत माझी गाडी मुद्द्यावरून घसरून पाऊसपाण्यावर येते. अक्काच्या लग्नापासून आजपर्यंत आम्ही दोघं पाऊसपाणी सोडून काही बोललेलो नाही.

दुसऱ्या कुणीही फोन लावला असता. मी साहित्य केलं.

मनात म्हटलं, दाजींना पटवायला जावं कशाला? त्यांनाच वाटा दाखवाव्यात. एक मुलगी आहे, बारावी झालेली. तिचा बाप दारात उभा आहे. खाली दोन ओळी: 'लग्न लावून द्या' आणि 'बीडला पाठवा'. जी दाबाल तिकडं गोष्ट जाईल. लग्नाच्या वाटेवर आधी मांडव, मग जेवण, मग सासर, मग रडारड. रडारड मी अशी लिहिली होती की लिहिताना माझाच गळा भरून आला आणि एका गिऱ्हाइकानं मला पाणी दिलं. बीडच्या वाटेवर क्लास, परीक्षा, पांढरा स्वच्छ गणवेश, आणि शेवटी म्हाताऱ्या बापाची नाडी बघणारी लेक. दाजी दोन्ही वाटा चालून बघतील आणि आपण होऊन दुसरीवर येतील. मला एक शब्द बोलावा लागणार नाही.

भाची मधूनमधून विचारायची, "फोन लावला का, मामा?"

"त्याच्याहून लई भारी करायलोय."

ती माझ्याकडं अशी बघायची की बापाची लेक शोभावी.

झेरॉक्सवाल्याला एक खोड असते. पहिलं पान नीट निघालं की बाकीचा गठ्ठा न बघता सोडायचा. मी लग्नाची वाट एकदा चालून बघितली, झकास होती. दुसरी तपासलीच नाही. आणि नवी फाइल करायचा कंटाळा म्हणून सगळा खेळ मी कपिलधारच्याच फाइलमध्ये मांडला होता, जुन्या चौकटी कडेला सारून. तर अशी ती गोष्ट मी दुपारी अक्काच्या फोनवर पाठवली. दुपारीच का? तर ट्रॉली भरून गेली की दुसरी येईपर्यंत तोडीवरच्या माणसांना जरा दम असतो, तेवढ्यात भाकरी आणि तेवढ्यातच फोन. दिवसा. भर उन्हात. आईचं म्हणणं तेव्हा आठवायला हवं होतं.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. मी ऐटीत स्पीकर लावला. भाची शेजारीच होती.

"भाऊ, लई ग्वाड लिवलंस रे," अक्का म्हणाली. ती सातवी शिकलेली, ऊसतोडीच्या टोळीत फोनवर आलेलं तीच वाचून दाखवते. "सगळी बसलो होतो, मी वाचायले. कुठं दाबायचं त्याच्यावरून बायांची नि बाप्यांची भांडणं. जेवणाच्या पानाला तर कुनी उठंना. 'अजून वाढा' दाबलं की पुन्ना वाढतंय. पुन्ना बुंदी, पुन्ना वांग्याची भाजी."

ती माझीच गंमत होती. 'अजून वाढा' हा शब्द मी त्याच पानाला उलटा जोडला होता.

"आन् पुढं? सासरी गेली का न्हाई ती? तिथं रडती बघ."

"कशाला जायचं पुढं? पंगत सोडून कोन उठतंय?"

माझी रडारड कुणी वाचलीच नव्हती. टोळीच्या लेखी लग्न म्हणजे न संपणारी बुंदी एवढंच झालं होतं. मी जरा दबकत विचारलं, "आन् दुसऱ्या वाटंला?"

अक्का आवाज खाली आणून म्हणाली, "त्या वाटंचं नाव काढू नको. 'बीडला पाठवा' दाबलं, तर पोरगी कपिलधारला. माकडानं नारळ नेला. चप्पल व्हाऊन गेली. मंग धारंच्या मागं गेली म्हनं. मागं काय हाय म्हनून दाबलं, तर पांढरं. काईच न्हाई. रेंज नसंल म्हनून तुजे दाजी फोन घिऊन ट्रॉलीवर चढले. वरबी पांढरंच. लई वेळ हुबे होते रे तिथं, फोन वर धरून. खाली आले ते भाकरी न खाताच कोयता घिऊन गेले."

तेवढ्यात फोनमध्ये खरखर झाली आणि दाजींचा आवाज आला.

"मेव्हणे. रविवारी पाव्हणं येतेत. पोरीला आणा."

आणि फोन बंद. इतकी वर्षं ज्या माणसाच्या तोंडून मी नुसतं पाऊसपाणी ऐकलं, त्याला माझ्या साहित्यानं शेवटी बोलतं केलं होतं.

भाचीनं माझ्या हातातला माउस काढून घेतला. 'बीडला पाठवा'पासून निघालेला बाण बोटानं पडद्यावर धरत धरत ती गेली. बाण क्लासच्या चौकटीला वळसा घालून, मधल्या गर्दीतून, थेट त्या कडेच्या माकडावर जाऊन आदळला होता. मी तिच्या तोंडाकडं बघायचं टाळलं. ती रडली असती तर बरं झालं असतं, मी काहीतरी समजूत काढली असती. ती रडली नाही.

"उद्या जायचं आपुन," ती म्हणाली. "तुमी बोलायचं. तोंडानं."

यंदा त्यांची टोळी लांब गेली नव्हती, माजलगावच्या अंगाला गोदाकाठच्या उसात होती. सकाळी अक्काकडून लोकेशन मागवलं आणि स्कूटरवर निघालो. भाची मागं बसलेली. मी वाटभर मनात भाषण जुळवत होतो. डांबरी रस्ता सोडून कॅनॉलच्या कडेनं आत वळायचा फाटा आला, तिथं एक चहाची टपरी होती. मी स्कूटर थांबवली.

"तू हितंच बस. पुढं वाट खराब हाय, मी बघून येतो."

वाट चांगली होती. मला ते भाषण एकदा मोठ्यानं म्हणून बघायचं होतं, आणि ते तिच्यादेखत म्हणायची लाज वाटत होती.

आत शिरलो आणि ऊस सुरू झाला. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला, शेंड्यांना तुरे आलेले. पौषातलं ऊन पातळ असतं. त्या उन्हात तुरे चांदीसारखे दिसत होते, आणि वारा आला की सगळं रान एकाच कुशीवर वळायचं, झोपेतल्या माणसासारखं. पानांची सळसळ अशी की कुणी लांबवर बसून एकसारखी पानं उलटतंय. फोनमधली बाई सांगत होती, डावीकडं वळा. मी वळलो. उजवीकडं वळा. वळलो. विहिरीवरची एक मोटार, एक बाभळ, शेंदूर लावलेला एक दगड. पुन्हा वळलो. एक मोटार, एक बाभळ, शेंदूर लावलेला एक दगड. तोच की दुसरा, देवच जाणे. दगडालाही ओळख दाखवायची इच्छा दिसली नाही.

शेवटी बाई म्हणाली, "तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात."

समोर काहीच नव्हतं. नुसतं मोकळं रान. तुटलेल्या उसाचे बुडखे, त्यावर पाचट पसरलेलं, पिवळं, ढिगाढिगानं. कडेला तीन दगडांची चूल, तिच्या राखेत अजून थोडी ऊब. आणि रानभर बगळे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तोडीवरची माणसं एका जागी थोडीच थांबतात? हा फड सकाळीच संपला असणार आणि टोळी पुढच्या रानात गेलेली. अक्कानं पाठवलेली खूण खरी होती, फक्त ती जिथली होती ती जागा आता तिथं उरली नव्हती. रोज लोकांना पत्त्याचा पुरावा मागणारा मी, ही गोष्ट मला सुचू नये.

फोन बघितला तर रेंज गेलेली. परत फिरलो. मोटार, बाभळ, दगड. फाटा काही येईना. जिकडून जावं तिकडून मी त्याच मोकळ्या रानात यायचो, आणि बगळे मान वर करून बघायचे, की आला पुन्हा. मी रचलेल्या पंगतीत टोळी जशी फिरत राहिली, तसा मी फिरत होतो. फरक एवढाच की मला कुणी बुंदी वाढत नव्हतं.

दमून पाचटाच्या ढिगाला टेकलो. म्हटलं, आलोच आहोत तर भाषण तरी म्हणून घ्यावं. जवळच्या बगळ्याला म्हणालो, "दाजी, असं हाय की, पोरगी हुशार हाय..." बगळ्यानं एक पाय वर घेतला. "आन् स्थळ काय, आज न्हाई तर उद्या मिळंल..." त्यानं मान तिरकी केली. दाजींपेक्षा बरा श्रोता होता. पण पुढचं वाक्य काढलं तर माझ्याच तोंडून आलं, "यंदा पाऊसपाणी कसं काय हाय?" आणि बगळा उडून गेला.

पाचट उन्हानं कोमट झालं होतं. त्याचा गोडसर, जरा आंबूस वास. डोळे मिटले की नाही मला आठवत नाही. एवढं आठवतं की ऊस हळूहळू पाणी व्हायला लागला. उभं, हिरवं, वरून खाली पडणारं पाणी. त्याच्या पलीकडं कुणीतरी चाललं होतं, एका पायात चप्पल. मला वाटलं हाक मारावी, तर नाव आठवेना. तिला मी नावच दिलं नव्हतं. कोऱ्या चौकटीत तिला सोडून मी दुकान बंद करून घरी गेलो होतो, आणि ती इतके दिवस तिथंच, पाण्याच्या मागं, पुढच्या पानाची वाट बघत उभी होती. मला तिची दया आली. मग वाटलं, ती आपल्याला शोधायला तर आली नाही? मग आई दिसली, दारात, तांदूळ निवडत. म्हणाली, कोण सांगतंय रे गोष्ट, दिवसाची?

तेवढ्यात ऐकू आलं, "हूं."

बायकांचा आवाज, पुष्कळ जणींचा मिळून. "हूं." मधे जरा शांतता, आणि पुन्हा "हूं." आमच्याकडं गोष्ट ऐकणाऱ्यानं असा हुंकार द्यायचा असतो. तो थांबला की सांगणारा थांबतो. ते काही स्वप्नात नव्हतं. मी उठलो, स्कूटर तिथंच सोडली आणि आवाजाच्या दिशेनं सरळ उसात घुसलो. पाती गालाला, हाताला कापत होती. हुंकार थांबला की मी थांबायचो, आला की चालायचो. फोनमधल्या बाईनं जिथं नेलं नाही तिथं त्या 'हूं'नं नेलं. दोन सऱ्यांच्या फटीतून मला टोळी दिसली.

बाया उसाच्या मोळ्यांवर बसलेल्या. पुरुष ट्रॉलीला टेकून उभे. दाजी जरा अंतरावर, मांडीवर कोयता, तोंड दुसरीकडं. आणि मधे माझी भाची, हातात उसाचं कांडं, त्यानं जमिनीवर रेघा मारत बोलत होती. मी फाट्यावर बसवलेली भाची माझ्या आधी इथं कशी, हे मला अक्कानं मागून सांगितलं. टपरीवर टोळीचा ट्रॅक्टर आला. चालवणारा गावातलाच, स्थळातला तो नव्हे. ती त्याच्या शेजारी बसली आणि आली. आली ती थेट बापापुढं उभी राहिली, पण तोंडातून शब्द निघेना. मग एका बाईनंच विचारलं, काय गं, त्या धारंच्या मागं काय होतं? तुज्या मामानं तर पांढरंच ठिवलं. तिथून ती बोलायला लागली.

"...तर मागं अंधार. पाय घसरतेत. एका हाताला वाट जरा उजेडाची, एका हाताला गार वारं यायलंय. कुणीकडं जाईल ती?"

"उजेडाकडं," एक बाई.

"उजेडाकडं कशाला बे, वारं हाय तिकडं दार असंल," ट्रॉलीपासला एक जण.

"तू गप. उजेडाकडंच."

"बरं, उजेडाकडं," भाचीनं रेघ ओढली. "हूं म्हना."

"हूं."

"चालली, चालली. पान्याचा आवाज मागं ऱ्हायला. मंग दुसराच आवाज यायला लागला. गाड्यांचा. कंडक्टर वरडायलेत. डोळे उघडून बघती तर बीडचं स्टँड."

बाया हसल्या. "अगं बाई, तिथंच निघाली का?"

"तिथंच. केस वल्ले, एका पायात चप्पल. समदी बघायलेत. ती हुबी. वळखीचं कुनी न्हाई. एक रिक्षावाला आला. म्हनला, ताई, कुठं जायचं?"

एवढं बोलून ती थांबली. कांड्याचं टोक जमिनीवर तसंच टेकलेलं. बायांनी हुंकार भरला, तरी ती पुढं जाईना. तिनं मान वर केली आणि बापाकडं बघितलं.

"आप्पा. रिक्षावाला इचारतोय. कुठं जायचं?"

कुणाची तरी बांगडी वाजली आणि राहिली. उसात उभा असलेला मी श्वास धरून होतो. माझ्या कानावर एक मुंगी चढत होती, तिलाही मी काही केलं नाही. मला वाटलं, आता दाजी उठतील, कोयता घेतील आणि फडाकडं चालू लागतील. दाजींनी कोयता मांडीवरून उचलला. बाजूला ठेवला.

"हूं," ते म्हणाले.

तो हुंकार मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. अक्कानं सुद्धा, कारण ती मान वळवून त्यांच्याकडं बघायला लागली. दाजी अजून लांबच बघत होते.

"त्यो क्लास. स्टँडापासून लांब हाय का?"

"न्हाई, आप्पा. चालत जाण्यासारखा हाय."

"मंग रिक्षा कशाला? चालत जाऊ दे तिला." जरा थांबून म्हणाले, "आधी चप्पल घ्या म्हनावं."

अक्कानं पदर तोंडाला लावला. मग व्यवहारावर आली. "आन् रविवारच्या पाव्हण्यांना काय सांगायचं?"

"सांगू. पोरगी बीडला गेली."

भाचीनं कांडं मोडलं, अर्धं शेजारच्या बाईला दिलं आणि अर्धं चोखत बसली.

आता बाहेर पडायला हरकत नव्हती. मी निघालो, तर गालावर ओरखडे, डोक्यात पाचट, शर्टाची एक बाही पात्याला अडकून उसातच राहिलेली. एक बाई दचकून किंचाळणार होती, अक्कानं तिला धरलं. "अगं, भाऊ हाय माजा."

दाजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वाट चुकलात, मेव्हणे?"

"भाची दिवसा गोष्ट सांगायली, दाजी. मामा चुकणारच."

टोळी हसली. दाजी हसले नाहीत. पण उठताना माझ्या डोक्यातलं एक पातं काढून टाकलं, आणि जाता जाता भाचीला म्हणाले, "बीडला जाताना मामाला संगं नेऊ नको. कपिलधारला सोडंल त्यो."

मी जुळवलेलं भाषण खिशातच राहिलं. आमचं दोघांचं बोलणं झालं ते निघताना. मी म्हणालो, "गारठा लई हाय यंदा." ते म्हणाले, "हाय." एकूण झालं ते नेहमीसारखंच झालं.

स्कूटर शोधून परत येताना भाची मागं बसून सांगत होती, डावीकडं, आता उजवीकडं. मी गुमान वळत होतो. ऊन कलत आलेलं, तुरे सोनेरी झालेले, आणि तीच मोटार, तीच बाभळ, तोच दगड आता ओळीनं येऊन मागं सरत होते. दगड एकच होता. ते मला तेव्हा कळलं.

संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला आणि ती बीडला गेली. पहिल्या दिवशी क्लासमधून लोकेशन पाठवलं, खाली एवढंच, 'पोचले'. मी ती खूण उघडली नाही. आपल्या हातून कुठं भलतीकडं जोडली गेली तर काय घ्या. गोष्टीतला तो चुकीचा बाण मात्र अजून तसाच आहे. दुरुस्त करायला बसलो होतो. फोनवर भाची म्हणाली, ऱ्हाऊ द्या मामा, तिकडूनच जाता येतं. कोऱ्या चौकटीत ती सांगेल तसं मी लिहून घेतो, रविवारी घरी येते तेव्हा. ती सांगताना मधे थांबते. मला आठवायला वेळ लागतो. मग मी म्हणतो, हूं.

टोळी अजून त्या पंगतीतून उठलेली नाही. रोज भाकरीच्या वेळेला तिकडं कुणीतरी 'अजून वाढा' दाबत असणार, कारण नेमकी त्याच सुमाराला मला दुकानात उचकी लागते. बायको पाण्याचा तांब्या पुढं करते आणि म्हणते, "घ्या. वाढलं बघा तिकडं."